पडवीत वितळणारं शिसं आणि पोटातलं बाळ

दापोली तालुक्यात किनाऱ्यावर राहणाऱ्या एका ताईंनी विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर आहे. त्यांना पाचवा महिना चालू आहे. घरची होडी आहे. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत जाळी घरी येतात, तेव्हा सासरे आणि यजमान जुनं शिसं वितळवून पागाला, म्हणजे हाताने फेकायच्या जाळ्याला, लावायच्या गोळ्या ओततात. बाहेर पाऊस असतो, म्हणून हे काम पडवीत चालतं, नाहीतर न्हाणीच्या चुलीवर. गोळ्या दोरीवर ओवायला आणि दाबायला ताई स्वतः मदत करतात. शिशाने बाळाचा मेंदू कमजोर होतो असं कुणीतरी त्यांना सांगितलं. सासूबाई म्हणतात, आमची चार पोरं ह्याच पडवीत वाढली, काय झालं त्यांना? ताईंना तीन गोष्टी कळायला हव्या आहेत: खरंच काही होतं का, आतापर्यंत जे पोटात गेलं त्याचं काय, आणि हे मूल ठेवावं की नाही.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचं नीट वाचायचं तर आधी मनावरचं ते ओझं उतरायला हवं. ताई, मूल ठेवा. घरात शिसं वितळवतात एवढ्या कारणावरून गर्भ काढायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. शिशाने होणारं नुकसान बहुतेक वेळा थोडं आणि मात्रेनुसार असतं. तुमच्या हातात अजून निम्मं गरोदरपण आहे आणि त्यानंतर बाळाची पहिली दोन-तीन वर्षं. बाळाचा मेंदू सगळ्यात जास्त घडतो तो याच काळात. एवढा वेळ हातात असताना खूप काही करता येतं.

आता पहिला प्रश्न. होय, शिसं गर्भापर्यंत पोचतं. आई आणि बाळ यांच्यामधली वार त्याला अडवत नाही. साधारण बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापासून ते आईच्या रक्तातून बाळाच्या रक्तात जायला लागतं, आणि जन्माच्या वेळी नाळेच्या रक्तातलं शिसं आईच्या रक्तातल्या शिशाच्या जवळपास 80 ते 90 टक्के भरतं. आईच्या पोटात बाळ बाहेरच्या पुष्कळ गोष्टींपासून सुरक्षित असतं, पण शिशापासून नाही.

मेंदूत गेल्यावर ते काय करतं हे थोडं सविस्तर सांगते, कारण उपाय त्यातूनच निघतो. शरीराला शिसं आणि कॅल्शियम यांतला फरक नीट ओळखता येत नाही. दोघांच्या कणांवर सारखाच विद्युतभार असतो, त्यामुळे कॅल्शियमसाठी ठेवलेल्या दारांतून शिसं आत शिरतं. एका चेतापेशीने दुसरीला निरोप द्यायचा तर नेमक्या क्षणी कॅल्शियम आत यावं लागतं, मग रसायन सुटतं आणि निरोप पुढे जातो. शिसं तिथे दोन्हीकडून घोळ करतं. निरोप नसताना रसायन थोडं थोडं सुटत राहतं, आणि खरा निरोप येतो तेव्हा पुरेसं सुटत नाही. शिवाय शिकणं आणि लक्षात ठेवणं ज्यावर अवलंबून आहे ते पेशीवरचं निरोप घेणारं एक महत्त्वाचं दार, ज्याला आम्ही एनएमडीए रिसेप्टर म्हणतो, शिसं तेही दाबून धरतं.

मोठ्या माणसाच्या मेंदूतही हे होतं, पण तिथे जोडण्या आधीच पक्क्या झालेल्या असतात. बाळाचं तसं नसतं. पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत मेंदूच्या वरच्या थरातल्या बहुतेक चेतापेशी तयार होऊन आपापल्या जागी पोचतात, आणि पुढे त्यांच्यात जोडण्या बनायचं काम जोरात सुरू होतं. गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोडण्या बनतात. ज्यांतून निरोप जातात त्या टिकतात, बाकीच्या गळतात. निरोपांतच घोळ असेल तर काय टिकवायचं आणि काय गाळायचं हे चुकत जातं. त्यात या वयात रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा अजून कच्चा असतो. म्हणून आईला काहीच त्रास जाणवू नये इतकं थोडं शिसंही बाळाच्या मेंदूच्या घडणीत ढवळाढवळ करू शकतं.

हे सगळं अंदाजाने बोललं जात नाही. अमेरिकेत बोस्टनला डेव्हिड बेलिंजर, हर्बर्ट नीडलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाळेच्या रक्तातलं शिसं मोजून 249 बाळांचा पाठपुरावा केला आणि 1987 मध्ये निष्कर्ष छापले. नाळेच्या रक्तात दर डेसिलिटरला, म्हणजे 100 मिलिलिटरला, 10 मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसं असलेली बाळं आणि 3 पेक्षा कमी असलेली बाळं यांच्या विकासाच्या चाचणीत पहिल्या दोन वर्षांत सरासरी 4.8 गुणांचा फरक निघाला. ही खाऊन-पिऊन सुखी घरांतली मुलं होती, कुणाचंही शिसं विषबाधा म्हणण्याइतकं नव्हतं. पुढे मेक्सिको सिटीत 150 मुलांना सहा ते दहा वर्षांपर्यंत तपासलं. तिथे आईच्या साधारण 28 व्या आठवड्यातल्या शिशाचा मुलाच्या बुद्ध्यंकाशी संबंध दिसला. त्याच शहरातल्या दुसऱ्या एका अभ्यासात पहिल्या तिमाहीतलं शिसं जास्त महत्त्वाचं ठरलं. म्हणजे अमुक महिने गेले की धोका संपला असं म्हणता येत नाही. पण त्यामुळेच, पाचव्या महिन्यात शिसं बंद करून उपयोग काय, असंही म्हणता येत नाही. उपयोग पूर्ण आहे.

बोस्टनच्या अभ्यासातली पुढची गोष्ट मी प्रत्येक आईला मुद्दाम सांगते. ती मुलं पाच वर्षांची होत आली तेव्हा जन्माआधीच्या शिशाचा ठसा बराच पुसट झाला होता, आणि दोन वर्षांच्या वयात रक्तात असलेलं शिसं जास्त बोलत होतं. जन्मानंतर ज्यांचं शिसं कमी राहिलं आणि ज्यांना घरी चांगलं वातावरण मिळालं, त्यांनी पुष्कळ भरून काढलं. मूल ठेवा असं मी ठामपणे म्हणते त्यामागे हेही एक कारण आहे.

सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. त्यांनी चार मुलं वाढवली, ती कामाधंद्याला लागली, हे खरं आहे. पण पाच गुण कमी झालेलं एखादं मूल पाहून ते कुणालाच ओळखू येत नाही, डॉक्टरलाही नाही. ते मूल हसतं, पोहतं, होडी चालवतं. शाळेत पाढे पाठ व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, एका जागी बसवत नाही, चटकन चिडतं. आपण म्हणतो, स्वभावच तसा. नुकसान दिसतं ते मोठ्या संख्येत. सरासरी बुद्ध्यंक 100 धरला तर 70 च्या खाली साधारणपणे शंभरातली दोन मुलं येतात. सगळ्यांचे पाच-पाच गुण घटले तर हा आकडा जवळपास पाचावर जातो, म्हणजे दुपटीहून जास्त. कुठल्या घरातली मुलं त्या रेषेखाली गेली हे कुणालाही सांगता येणार नाही, पण गावातली काही नक्की गेलेली असतील. सासूबाईंना हे कुठल्याही आरोपाविना सांगा. त्यांच्या वेळी हे सांगायला कुणी आलंच नव्हतं.

आता तुमच्या पडवीकडे येऊ. शिसं 327 अंशांना वितळतं, चुलीवर सहज. त्याला वास नसतो. काम करताना जो वास येतो तो प्लास्टिकचा, रंगाचा किंवा तेलाचा, त्यामुळे वास गेला की धोका गेला असं वाटतं. वितळलेल्या शिशावर जी राखाडी साय धरते ती शिशाचं ऑक्साइड. ती काढून बाजूला टाकली की तिची बारीक पूड होते आणि ती जमिनीवर, पायांना, कपड्यांना लागते. जाळ मोठा केला तर वाफही होते, आणि पावसात दारं बंद असताना ती घरातच बसते. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढत असाल तर ते आजच्या आज थांबवा. बॅटरीच्या पट्ट्यांमधली पूड साध्या शिशापेक्षा कितीतरी वाईट.

धातूचं शिसं नुसत्या हाताच्या कातडीतून फारसं आत जात नाही. जातं ते तोंडावाटे आणि श्वासावाटे. गोळ्या दाबून त्याच हाताने भाकरी मोडली, पान लावलं, मिश्री लावली, तर गेलं. दाताने गोळी दाबून बसवायची सवय पुष्कळांना असते. ती कुणालाच नको, गरोदर बाईला तर अजिबात नको. न्हाणीच्या चुलीची राख भांडी घासायला घेत असाल, तर तेही बंद करा. त्या चुलीवर शिसं वितळलेलं असेल तर ती राख रोज तुमच्या भांड्यांवर फिरते आहे. घरी भेट देणाऱ्या आरोग्यसेविकांना मी हे खास विचारायला सांगते, कारण वितळवायचं भांडं वेगळं ठेवणारी घरंही राखेचा विचार करत नाहीत.

माती खायची इच्छा होते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बायका ते लाजून सांगत नाहीत. पाचव्या-सहाव्या महिन्यात भाजलेली माती, खडू, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटणं फार साधी गोष्ट आहे, आणि पुष्कळदा तिच्यामागे रक्त कमी असतं. पण ज्या अंगणात शिसं ओतलं जातं तिथली माती तोंडात घालणं म्हणजे सरळ शिसं खाणं. असं होत असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. लोहाची कमतरता असली की आतडी लोहाच्या शोधात असतात आणि लोहाच्याच वाटेने शिसं जास्त आत घेतात. म्हणून हिमोग्लोबिन वाढवणं हा शिशावरचाही उपाय आहे.

काम करायचं थांबवलं की झालं का? पूर्ण नाही. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्मं होतं, पण मोठ्या माणसाच्या शरीरातलं 90 टक्क्यांहून जास्त शिसं हाडांत असतं आणि तिथे वर्षानुवर्षं राहतं. पावसाळ्यात आपलं घर जसं उन्हाळ्यात केलेल्या बेगमीवर चालतं, तसा बाळाचा सांगाडा आईच्या हाडांतल्या बेगमीवर उभा राहतो. रोजच्या जेवणात कॅल्शियम कमी पडलं की शरीर हाडं उघडतं, आणि कॅल्शियमबरोबर तिथे साठलेलं लहानपणापासूनचं शिसंही बाहेर येतं.

म्हणूनच सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या त्या साध्या कॅल्शियमच्या गोळ्या तुमच्यासाठी इतक्या मोलाच्या आहेत. मेक्सिकोत गरोदर बायकांना रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम देऊन पाहिलं तेव्हा त्यांच्या रक्तातलं शिसं सरासरी 11 टक्क्यांनी कमी झालं, आणि ज्यांनी गोळ्या न चुकता घेतल्या त्यांच्यात 24 टक्क्यांपर्यंत. हा प्रयोग 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे चौदाव्या आठवड्यापासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत 500 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा द्यायची पद्धत आहे. ती जेवणासोबत घ्या. लोहाची गोळी त्याच वेळी घेऊ नका, दोन तासांचं तरी अंतर ठेवा, कारण दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह नीट शोषलं जात नाही. गोळ्यांनी पोट जड होतं, शौचाला कडक होते, म्हणून पुष्कळ जणी त्या फडताळात ठेवून देतात. तुम्ही तसं करू नका. त्रास झाला तर गोळी बदलून मागा.

जेवणात नाचणी रोज असू द्या, भाकरी किंवा आंबील. शेवग्याचा पाला, चवळीची पानं, तीळ, ताक. सुका जवळा आणि काट्यासकट खाता येतील अशी लहान मासळी हे तर किनाऱ्यावरच्या घराला मिळालेलं कॅल्शियमचं भांडार आहे. उपाशी पोटी राहू नका, रिकाम्या पोटी शिसं जास्त शोषलं जातं. एक गैरसमज इथेच दूर करते. मासळीत विष असतं असं ऐकून काही गरोदर मुली मासे सोडतात. ती गोष्ट पाऱ्याची आहे आणि ती मुख्यतः मुशीसारख्या मोठ्या, दुसरे मासे खाणाऱ्या माशांना लागू होते. बांगडा, तारली, बोंबील, जवळा खुशाल खा. बाळाच्या मेंदूला त्यांचा फायदाच आहे.

तपासणी करून घ्या. गरोदरपणातल्या नेहमीच्या रक्ततपासण्यांत शिसं मोजत नाहीत, त्यामुळे मागितल्याशिवाय ही तपासणी होणार नाही. शिरेतून रक्त घेऊन ‘ब्लड लेड’ करायला सांगायचं. बहुतेक ठिकाणी नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जातो. त्या दिवशी जायच्या आधी हात आणि कोपरापर्यंतचा भाग साबणाने स्वच्छ धुवा, कातडीवरची पूड नमुन्यात गेली तर आकडा खोटाच वाढतो. आकडा दर डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅमच्या आत आला तर शिशाचं काम दूर करून पुढे निर्धास्त राहा, मात्र याचा अर्थ 5 पर्यंत शिसं चालतं असा नाही. शिशाची पूर्ण सुरक्षित अशी पातळी सापडलेली नाही. 5 किंवा त्याहून जास्त आला तर स्रोत शोधून बंद करायचा, कॅल्शियम-लोह नेटाने चालू ठेवायचं आणि महिन्याभरात पुन्हा मोजायचं. 45 च्या वर गेला तर मात्र मोठ्या रुग्णालयात ताबडतोब दाखवायचं. शिसं बांधून बाहेर काढणारी औषधं असतात, पण ती गरोदरपणात फक्त अशा वेळी आणि तज्ज्ञाच्या हाताखालीच द्यायची असतात. रक्त शुद्ध करतं म्हणून कुणी भस्म किंवा काढा दिला तर घेऊ नका. नागभस्म तर शिशापासूनच बनवलेलं असतं, आणि खात्री नसलेल्या इतर भस्मांतही शिसं सापडलेलं आहे.

तुमचा मोठा मुलगा तीन वर्षांचा आहे असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंत. ताई, मला पोटातल्या बाळाइतकीच काळजी त्याची वाटते. मोठं माणूस पोटात गेलेल्या शिशाचा साधारण दहावा भाग शोषतं, लहान मूल निम्म्यापर्यंत. तो जमिनीवर खेळतो, हात तोंडात घालतो, चकचकीत गोळ्या त्याला गोट्यांसारख्या वाटणार. सात ठिकाणच्या 1333 मुलांची माहिती एकत्र करून 2005 मध्ये मांडली गेली तेव्हा दिसलं की रक्तातलं शिसं 2.4 वरून 10 वर जाताना बुद्ध्यंक 3.9 गुणांनी घसरतो, आणि 10 वरून 20 वर जाताना आणखी 1.9. म्हणजे सुरुवातीच्या थोड्या शिशानेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. त्याचंही रक्त तुमच्याबरोबरच तपासा. त्याने कधी गोळी गिळली असेल अशी शंका असली तर पोटाचा एक्स-रे लगेच काढा. शिसं त्यात स्पष्ट दिसतं.

घरच्या पुरुषांशी बोलणं अवघड आहे, हे मला कळतं. पाग शिशाशिवाय बुडत नाही आणि धंदा बंद ठेवा असं मी म्हणतच नाही. काही जाळ्यांना दगड किंवा सिमेंटचे ठोकळे चालतात, पागाला तयार गोळ्या विकत घेता येतात. ओतायचंच असेल तर घरापासून आणि विहिरीपासून लांब, उघड्यावर, पाऊस नसताना, कमी जाळावर. त्या कामाचं भांडं आणि पळी पुन्हा स्वयंपाकघरात यायची नाही. कामाचे कपडे बाहेरच उतरवायचे, वेगळे धुवायचे, आणि घरात यायच्या आधी साबणाने हात-तोंड धुवायचं. यजमानांना दवाखान्यात बरोबर घेऊन या. बायकोने सांगितलेलं ऐकलं नाही तरी रक्ताच्या अहवालातला आकडा पाहून माणसं थांबतात, असा माझा अनुभव आहे. बाळाचं रक्षण एकट्या आईवर टाकणं मला मान्य नाही. शिसं वितळवणारे हात तिचे नाहीत.

आणखी दोन-तीन जागा चटकन पाहून घ्या. लोखंडाला गंज लागू नये म्हणून मारतात तो केशरी-लाल प्रायमर शिशाचा असू शकतो, होडीचं रंगकाम चालू असताना तिकडे जाऊ नका. गणपतीच्या आधी घर रंगवायचं ठरलं असेल तर जुना ऑइलपेंट खरवडताना तुम्ही आणि मुलगा माहेरी राहा. घरगुती रंगात दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त शिसं नसावं हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, त्यामुळे आधीच्या थरांचा भरवसा नाही. मारुतीचा पारंपरिक शेंदूर हासुद्धा शिशाचाच. देवाला हात जोडा, शेंदूर लावून घेतलात तर बोट धुवा. पितळेच्या भांड्याची कल्हई शुद्ध कथलाचीच करून घ्या, आणि कोकम, चिंच घातलेलं आंबट त्यात साठवून ठेवू नका.

पडवी आणि अंगण साफ करायचं काम तुम्ही करू नका, दुसऱ्या कुणाला करू द्या. सुकी झाडलोट नको, त्याने पूड उडते. पाणी शिंपडून ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसायचं, फडकं टाकून द्यायचं. सारवलेली जमीन असेल तर जिथे ओतकाम व्हायचं तिथला वरचा थर ओला करून खरवडून काढायचा, पिशवीत बांधून घरापासून आणि पाण्यापासून दूर, पोरं खेळणार नाहीत अशा जागी खोल पुरायचा, मग नव्या मातीने पुन्हा सारवायचं. परसातली अळूची किंवा भाजीची आळी त्या जागेजवळ असतील तर ती हलवा.

बाळंतपणाच्या वेळी नाळेचं रक्त शिशासाठी पाठवायला डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा, ऐन वेळी कुणाच्या लक्षात राहत नाही. अंगावरचं दूध पाजायचंच. आईच्या रक्तातलं शिसं 40 च्या खाली असेल तर दूध तोडायचं कारण नाही, दुधात उतरतं ते फार थोडं. नाळेच्या रक्तातला आकडा 5 किंवा जास्त आला तर बाळाचं रक्त पहिल्या महिन्यातच पुन्हा तपासायचं, आणि तो कमी येईपर्यंत मधून मधून तपासत राहायचं. आकडा कमी आला तरी बाळ रांगायला लागेल तेव्हा, म्हणजे आठ-दहा महिन्यांचं झाल्यावर, एकदा मोजून घ्या. जमिनीवरचं शिसं तोंडात जायला लागतं ते तेव्हाच.